टू स्ट्रोकचं फुल इंजिन: क्रँक, बेअरिंग आणि सील बसवताना

टू स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ती खालची पेटी, पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत ओढ तयार होते आणि रीडमधून (आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेतून) पेट्रोल, ऑईल आणि हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून सिलेंडरमध्ये चढतं. रॉडच्या खालच्या बेअरिंगला (बिग एंड), क्रँकच्या दोन्ही मेन बेअरिंगांना ऑईल मिळतं ते याच वाटेने. म्हणून खालचा भाग करताना दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: क्रँक सरळ फिरतो का, आणि केस हवाबंद आहे का. रॉड किट, बेअरिंग, सील पैसे दिले की मिळतात. ही दोन उत्तरं मात्र मोजल्याशिवाय मिळत नाहीत, आणि आपल्याकडच्या गॅरेजात नेमकं तेवढंच मोजायचं राहून जातं. मग दिवाळीत केलेलं इंजिन होळीला परत उघडावं लागतं.

खान्देशात डर्ट, म्हणजे मातीत पळवायची बाईक म्हटलं की बहुतेक वेळा समोर येते ती उघडी केलेली यामाहा आरएक्स १०० किंवा आरएक्स १३५. एखाद्याकडे बाहेरून आलेली यामाहाचीच वायझेड १२५ असते. इथे जे लिहितोय ते आरएक्स डोळ्यांसमोर ठेवून, पण पद्धत सगळ्या प्रेसफिट (दोन चकत्या मधल्या पिनवर प्रेसने दाबून जोडलेल्या) क्रँकच्या सिंगल सिलेंडर टू स्ट्रोकला लागू आहे. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे आज हातात येणारं तिचं प्रत्येक इंजिन तीस ते चाळीस वर्षांचं, आणि त्याचा क्रँक आधी एकदा तरी प्रेसवर चढून आलेला असतो. हे गृहीत धरूनच कामाला लागावं.

धूळ हा आपला पहिला शत्रू. चैत्र-वैशाखात नांगरट झालेली रानं उघडी पडतात, काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि फोमच्या फिल्टरला ऑईल कमी असेल तर ती सरळ आत जाते. फोर स्ट्रोकमध्ये अशी धूळ आधी सिलेंडर आणि रिंगांना खाते. टू स्ट्रोकमध्ये ती कार्बोरेटरमधून पहिल्यांदा क्रँककेसमध्येच उतरते, म्हणून बिग एंड आणि मेन बेअरिंग आधी जातात, पिस्टन नंतर. केस उघडल्यावर मेन बेअरिंगच्या मागे, हाउसिंगच्या (बेअरिंग बसतं त्या केसमधल्या जागेच्या) कोपऱ्यात काळा चिकट लगदा सापडला तर समजावं, गुन्हेगार फिल्टर किंवा तडकलेलं इनटेक रबर आहे. ते न बदलता नवीन बेअरिंग घालण्यात काही अर्थ नाही.

दुसरं कारण गाडी उभी राहण्याचं. जून ते सप्टेंबर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, टाकीत जुनं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. ती ओल केसच्या तळाशी साचली की बिग एंडच्या सुयांवर गंजाचे बारीक ठिपके येतात. दसऱ्याला किक मारली की गाडी चालू होते, आवाजही ठीक वाटतो, पण त्या ठिपक्यांवरून सुया फिरायला लागल्या की पिनवरचा कठीण थर सुटायला वेळ लागत नाही. पावसाळ्यासाठी गाडी ठेवताना कार्बोरेटर रिकामा करावा, प्लग काढून २० ते २५ मिली टू टी ऑईल आत सोडावं आणि इग्निशन बंद ठेवून आठ-दहा किका माराव्यात.

उघडण्याआधी काय बघायचं

हेड आणि ब्लॉक काढला की निम्मं निदान होतं. पिस्टन काढा, रॉड वरच्या टोकाला आणा, छोट्या टोकाला दोन बोटांनी धरून सरळ वर ओढा, खाली दाबा. बाजूला हलवायचं नाही, फक्त वर-खाली. ऑईलचा थर ढिलाई लपवतो म्हणून आधी बिग एंडवर थोडं पेट्रोल सोडून धुवून घ्यावं. वर-खाली बारीकसा ‘टक’ जरी हाताला लागला तर बिग एंड गेला. इथे ‘अजून थोडं चालेल’ असं काही नसतं, कारण सुया फुटल्या की त्यांचे तुकडे ट्रान्सफर पोर्टमधून वर जाऊन पिस्टनचा माथा आणि हेड दोन्ही ठोकतात, आणि रॉड किटच्या खर्चात ब्लॉक-पिस्टनचा खर्च जमा होतो.

डाव्या-उजव्या बाजूला रॉड हलतो, तो हलायलाच हवा. यामाहाच्या लहान टू स्ट्रोकांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये रॉडच्या छोट्या टोकाचं असं डोलणं नवीन असताना ०.८ ते १.० मिमी आणि जास्तीत जास्त २.० मिमी धरलेलं असतं. खाली बिग एंडच्या बाजूची फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांनी) मोजायची. तिचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो आपल्या मॅन्युअलमधून घ्यावा.

मेन बेअरिंगसाठी मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) धरून वर-खाली हलवा. ढिलाई जाणवली किंवा हाताने फिरवताना खरखर आली तर बेअरिंग गेलं. सील तपासायची खूण धुरात आणि आयडलिंगमध्ये असते. मॅग्नेटकडचं सील हवा घ्यायला लागलं की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, एक्सलेटर सोडला तरी आरपीएम लवकर खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो आणि शेवटी पिस्टन सिलेंडरमध्ये अडकतो. क्लचकडचं सील गेलं की क्रँककेस गिअर बॉक्समधलं ऑईल ओढते: पांढरा धूर संपत नाही, प्लग ओला राहतो, गिअर ऑईलची पातळी उतरते आणि उरलेल्या ऑईलला पेट्रोलचा वास येतो.

उघडताना

इंजिन फ्रेममध्ये असतानाच बाहेरून डिझेल आणि ब्रशने धुवून, हवा मारून कोरडं करावं. उन्हाळ्यात दुपारी वावटळी सुटतात त्या वेळी उघडी केस अंगणात ठेवू नये. खोलीत, पंखा बंद करून, जुनी स्वच्छ चादर अंथरून बसावं. एक परात गिअर बॉक्सच्या भागांना, एक क्रँककडच्या भागांना, आणि स्क्रूसाठी पुठ्ठ्यावर केसचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवावा. लांबी वेगवेगळ्या असतात; छोट्या जागी लांब स्क्रू गेला की केसला तडा जातो.

जपानी गाड्यांच्या केसच्या स्क्रूंची फुली साध्या स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाही, म्हणून साध्याने जोर लावला की डोकं गोल होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि योग्य बिट घ्यावा, त्यावर हातोडीचा एक सणसणीत ठोका द्यावा. परत लावताना सगळे एलनचे बोल्ट घालणं उत्तम.

मॅग्नेट काढायला पुलरच हवा. पाठीमागून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला तर कॉइल प्लेट वाकते आणि क्रँकचं टोकही मार खातं. प्रायमरी गिअर आणि क्लच हबचे नट सोडताना क्रँक अडवायला पिस्टनखाली पाना घालायची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. सगळा जोर रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. दोन गिअरांच्या दातांमध्ये अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची जाड पट्टी घातली की काम होतं.

केसचे दोन अर्धे वेगळे करताना सांध्यात काहीही घालायचं नाही. पटाशी नको, छिन्नी नको, टेस्टरचं टोकही नको. त्या पृष्ठभागावरचा एक ओरखडा पुढे हवेची वाट होतो. केस स्प्लिटर पुलर लावून, मध्येमध्ये प्लास्टिकच्या हातोडीने कडेला हलके ठोके देत, दोन्ही बाजूंनी सारखी फट ठेवत उघडावी. एक बाजू उघडली आणि दुसरी अडली तर थांबावं. बहुतेक वेळा एखादा स्क्रू राहिलेला असतो, नाहीतर डॉवेल (दोन अर्धे जुळवणारी पिन) गंजलेला असतो. हे दोन अर्धे कारखान्यात जोडीनेच मशीन केलेले असतात, म्हणून एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अशी जोडी लावू नये.

क्रँक: इथे घाई नको

क्रँक लेथवाल्याकडे नेण्याआधी तीन गोष्टी घरीच करून ठेवाव्या. एक, दोन्ही चकत्यांच्या कडेवरून जाणारी एक सरळ रेघ स्क्राइबरने ओढावी, म्हणजे परत जोडताना दिशा कळते. दोन, क्रँकची रुंदी, म्हणजे एका चकतीच्या बाहेरच्या तोंडापासून दुसरीच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचं अंतर, चार ठिकाणी मायक्रोमीटरने किंवा चांगल्या व्हर्नियरने मोजून लिहावं. वायझेड १२५ ला ही रुंदी ५५.९० ते ५५.९५ मिमी दिलेली आहे. एवढ्याशा फरकाचा खेळ असतो, हे त्या आकड्यावरूनच दिसतं. तीन, सील ज्या जागी बसतं तिथे नखाने घासून बघावं. नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर नवीन सीलही तिथे धरणार नाही. सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवता येत असेल तर तसं करावं, नाहीतर ती बाजू बदलावी.

जळगावात एमआयडीसीत किंवा धुळ्यात मोठ्या लेथच्या दुकानात २० टनी हायड्रॉलिक प्रेस असतो. तो असतो म्हणून क्रँकचं काम येतं असं मात्र नाही. दुकानात गेल्यावर आधी एकच विचारावं: भाऊ, डायल लावून क्रँक लेथच्या सेंटरमध्ये सरळ फिरतो का ते दाखवणार का? ‘डोळ्याने बघून करतो, वर्षं झाली’ असं उत्तर आलं तर क्रँक उचलून पुढच्या दुकानात जावं.

रॉड किटमध्ये रॉड, पिन, सुयांचं बेअरिंग आणि बाजूचे दोन वॉशर एवढं येतं. नवीन पिनचा व्यास आणि चकतीतल्या भोकाचा व्यास मोजून घ्यावा. या आकाराच्या क्रँकला पिन भोकापेक्षा साधारण ०.०६ ते ०.०८ मिमी जाड हवी, तीच पकड सगळा जोर झेलते. तीस वर्षांत तीन-चार वेळा पिन बदलली की भोक मोठं होत जातं. पिन हाताने किंवा हलक्या दाबाने आत सरकली तर ती चकती संपली. अशा वेळी पिनवर सेंटर पंचाने टोचे मारून ती फुगवायची पद्धत सर्रास चालते. तसली पिन टोच्यांच्या टोकांवरच उभी असते आणि पहिल्याच जोरात क्रँक पिळतो. वेल्डिंगचा टाका रेसच्या इंजिनात मारतात, पण तो चांगल्या पकडीला जोड म्हणून आणि क्रँक पूर्ण सरळ केल्यानंतर. ढिल्या भोकावरचा तो इलाज नव्हे.

पिन दाबताना भोकाला इंजिन ऑईलचा पातळ हात फिरवावा. पिन पहिल्या चकतीत पूर्ण बसवावी. मग वॉशर, ऑईल लावलेलं बेअरिंग, रॉड, दुसरा वॉशर असं चढवून दुसरी चकती वर ठेवावी, आधी ओढलेली रेघ जुळवावी आणि कडेला गुण्या लावून बघावं. दोन-तीन मिलिमीटर दाबून थांबायचं, परत गुण्या लावायचा. या टप्प्यावर चकती फिरलेली असेल तर हातोडीने सरळ होते; पूर्ण दाबल्यावर फार त्रास देते. शेवटी रॉड आणि वॉशर यांच्यात फिलर गेज ठेवून फट मॅन्युअलच्या आकड्यावर आली की दाबणं बंद, आणि रुंदी पुन्हा चार ठिकाणी मोजायची. चारही आकडे सारखे आले नाहीत तर चकत्या समांतर नाहीत.

आता खरं काम. क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरायचा, पकडीत ढिलाई नको आणि जोरही नको. डायल गेज मॅग्नेटिक स्टँडवर लावून टोक मेन बेअरिंग बसतं त्या जागी, चकतीच्या जवळ टेकवायचं आणि क्रँक हाताने हळू फिरवायचा. डायलची एक रेघ म्हणजे ०.०१ मिमी. दोन्ही बाजूंना काटा एकूण तीन रेघांच्या आत फिरायला हवा, म्हणजे ०.०३ मिमी. रोज रेसच्या ट्रॅकवर धावणाऱ्या गाडीला मी ०.०२ वर अडून बसायला सांगेन. चांगला कारागीर असेल तर ते सहज जमतं.

काटा कुठे वर जातो त्यावरून दोष कळतो. दोन्ही बाजूंना काटा एकाच वेळी, आणि तोही पिनच्या दिशेला, वर जात असेल तर पिनच्या समोरच्या बाजूला चकत्या एकमेकींकडे दबलेल्या आहेत. तिथे पितळेची किंवा कठीण लाकडाची पाचर घालून हलकं ठोकून फट उघडायची. दोन्ही बाजूंना काटा पिनच्या उलट दिशेला वर जात असेल तर चकत्या त्या बाजूला फाकलेल्या आहेत. व्हाइसमध्ये तांब्याची पट्टी लावून तेवढीच बाजू आवळायची. तिसरा प्रकार पिळाचा: पिनपासून काटकोनात डाव्या बाजूला काटा वर जातो आणि उजव्या बाजूला नेमका त्याच्या विरुद्ध टोकाला. मग जिथे काटा वर आहे त्या चकतीच्या कडेवर तांब्याच्या हातोडीने एक ठोका, परत सेंटरमध्ये, परत डायल. बऱ्याच वेळा दोन दोष एकत्र असतात. आधी पीळ काढावा, मग फाक. एकेका ठोक्यानंतर मोजायचं, दोन ठोके सलग मारायचे नाहीत. कसबी हाताला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कुरकुर न करता द्यावी. पूर्ण इंजिनाच्या खर्चातला हा सर्वात सार्थकी लागणारा पैसा आहे.

क्रँक वाकडा राहिला तर काय होतं? सात-आठ हजार आरपीएमला फूटरेस्ट आणि हँडल झिणझिणतं, सीलचं ओठ प्रत्येक फेरीला एका बाजूला दाबलं जातं आणि तिथून हवा घ्यायला लागतं, मेन बेअरिंगला तिरका भार येतो. तीन महिन्यांनी ‘बेअरिंगच डुप्लिकेट निघालं’ असं ऐकू येतं. बेअरिंग बिचारं ठीकच असतं.

बेअरिंग आणि सील

जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर उतरवून घ्यावा, शेवटचं अक्षरसुद्धा. क्रँकसाठी सी ३ लिहिलेलं, म्हणजे आत थोडी जास्त जागा असलेलं बेअरिंग लागतं. घट्ट बसवल्यावर आणि गरम झाल्यावर ती जागा कमी होते. साधं बेअरिंग घातलं तर गरम इंजिनात गोळ्या आवळल्या जातात. दुसरी चूक झाकणवाल्या बेअरिंगची. दुकानदार दोन्ही बाजूंनी पत्रा किंवा रबर असलेलं बेअरिंग देतो, ग्रीस भरलेलं, दिसायला छान. पण इथे बेअरिंगला पेट्रोलबरोबर येणारं ऑईल मिळायला हवं, म्हणून उघडंच घ्यायचं. गाठ ओळखीच्या दुकानदाराशी ठेवावी आणि बिल मागावं. बिल देणारा सहसा डुप्लिकेट माल देत नाही.

बसवताना हातोडी नको, उष्णता हवी. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. केस जुन्या ओव्हनमध्ये किंवा इलेक्ट्रिक शेगडीवर जाड पत्रा ठेवून त्यावर सगळीकडून सारखी १०० अंशांपर्यंत गरम करायची. ५२ मिमी व्यासाचं अॅल्युमिनियमचं हाउसिंग ३० अंशांवरून १०० अंशांवर गेलं की साधारण ०.०८ मिमीने मोठं होतं, आणि थंड बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत उतरतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर लगेच उकळून उडाला की समजावं झालं. गॅसची ज्वाला एकाच जागी धरू नये, केस तिथे वाकते. बेअरिंग उतरल्यावर बाहेरच्या कड्यावर पाइपचा तुकडा ठेवून आठ-दहा सेकंद दाबून धरावं, नाहीतर थंड होताना ते तिरकं वर येतं.

केस थंड असताना जुनं बेअरिंग बोटाने हाउसिंगमध्ये फिरत असेल तर हाउसिंग झिजलंय. अगदी किंचित ढिलाई असेल तर बेअरिंग धरणारं लॉकिंग लिक्विड चालतं. त्याहून जास्त असेल तर मशीन करून बुश घालावा लागतो. हाउसिंगच्या कडेला पंच मारून काम भागवणाऱ्याच्या हातात केस देऊ नका.

हाउसिंगच्या वरच्या बाजूला बारीक भोक किंवा खोबण असते. मेन बेअरिंगला ऑईल तिथूनच पोचतं. तारेने आणि हवेने ती मोकळी आहे याची खात्री करावी. जुन्या गाड्यांत ती निम्म्या वेळा सीलंटने बुजलेली सापडते.

सीलची स्प्रिंगवाली बाजू क्रँककेसच्या पोकळीकडे येते. तरी काढण्याआधी जुन्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, काही मॉडेलांत दोन ओठांचं सील असतं. मिळालं तर व्हायटॉनचं (उष्णता सोसणाऱ्या रबराचं) घ्यावं. आपल्या मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांची असते, आणि साधं काळं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं. ओठाला थोडं ग्रीस, बाहेरच्या कडेला थोडं ऑईल, आणि सीलच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सपाट दाबून बसवायचं. क्रँकच्या टोकावरच्या चाव्यांच्या खाचेवर सेलोटेप गुंडाळला की सीलचं ओठ कापलं जात नाही.

जोडणी

क्रँक बेअरिंगमध्ये घालताना टोकावर हातोडी मारली की सेंटरमध्ये मिळवलेले ते तीन रेघांचे कष्ट वाया गेले, चकत्या दबतात. केस गरम असतानाच, बेअरिंगच्या आतल्या कड्यालाही उष्णता पोचलेली असताना, थंड क्रँक सरळ सोडावा. नाही गेला तर क्रँक ओढून घेणारा पुलर वापरावा.

गिअर बॉक्स उघडाच आहे तर शिफ्ट फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) टोकं आणि गिअरांचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे बाजूचे दात, बघून घ्या. कडा गोल झाल्या असतील तर गिअर जोरात सुटतो, आणि त्यासाठी परत केस उघडणं कुणालाच परवडत नाही. शिमचे पातळ वॉशर कुठल्या शाफ्टला कुठे होते ते फोटोवरून जुळवा. केस बंद करण्याआधी आउटपुट शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर वर-खाली टाकून बघा.

सांध्याची जुनी पॅकिंग ब्लेड सपाट धरून खरवडायची, मग थिनरने पुसायचं. सीलंट लावायचा तर अगदी पातळ, बोटाने ओढून. मधमाशीच्या पोळ्यासारखा बाहेर आलेला सीलंट छान दिसतो, पण तेवढाच आतही आलेला असतो. तो तुटला की ऑईलचं भोक बंद करतो किंवा बेअरिंगमध्ये जातो. दोन अर्धे हाताने आणि हलक्या ठोक्यांनी मिळायलाच हवेत. दोन-तीन मिलिमीटर फट राहिली आणि ती बोल्टने ओढायचा मोह झाला तर हात आवरा: किक शाफ्ट, शिफ्ट ड्रम किंवा डॉवेल अडलेला असतो. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन टप्प्यांत, ६ मिमीच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन मीटर.

आवळल्यावर क्रँक जड फिरला तर घाबरू नका. क्रँक एका बेअरिंगकडे सरकून बसलेला असतो. टोकावर नट ठेवून, प्लास्टिकच्या हातोडीने एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने हलका ठोका दिला की तो मध्ये येतो आणि मोकळा फिरतो. नाही झाला तर उघडावं लागेल, दुसरा मार्ग नाही.

हवाबंद आहे का, हे बीपीच्या पंपाने

ही चाचणी आपल्या भागात जवळपास कुणी करत नाही, आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. मेडिकलमधला जुना बीपीचा काटा आणि फुगा घ्या. काटा ३०० मिमीपर्यंत असतो. ३०० म्हणजे ०.४ बार, आपल्याला हवा तेवढाच दाब. ब्लॉक, हेड, प्लग लावून पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे वरची आणि खालची पोकळी एकत्र तपासली जाते. ब्लॉकला सायलेन्सर लागतो त्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी आवळा. कार्बोरेटरच्या रबरात रबरी बूच बसवा, त्यात सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, तिला बीपीची नळी. हळूहळू ३०० पर्यंत भरा. टायरचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नये, सील जागेवरून उडतं.

काटा सहा मिनिटं जवळपास जागेवर राहिला तर काम पक्कं. मिनिटाला ५० मिमी उतरत असेल तर गाडी चालू करायची नाही. आधी आपल्याच बुचांवर साबणाचं पाणी टाका, बहुतेक गळती तिथेच निघते. मग ब्लॉकची खालची पॅकिंग, केसचा सांधा, मॅग्नेट काढून डावं सील. उजवं सील आत असतं, ते दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑईलचं झाकण घट्ट लावून गिअर बॉक्सच्या ब्रीदरला (हवा सोडणाऱ्या भोकाला) नळी जोडा आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडा. बुडबुडे आले तर उजवं सील किंवा दोन पोकळ्यांमधली भिंत हवा सोडतेय. ब्रेक ब्लीडिंगचा हाताचा व्हॅक्युम पंप मिळाला तर उलट दिशेनेही तपासा, कारण काही सील दाबाला धरतात आणि ओढीला सोडतात.

पहिली टाकी

पहिल्या टाकीला लिटरमागे ४० मिली, म्हणजे २५ ला १. ऑईल जासो एफडी (टू स्ट्रोक ऑईलचं जपानी मानक) दर्जाचं. ऑईल पंप असलेल्या गाडीतही पहिल्या टाकीत लिटरमागे २० मिली वरून मिसळावं, पंपाच्या नळीतली हवा निघेपर्यंत तोच आधार असतो. नंतर मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला लिटरमागे ३० मिलीच्या आसपास ठेवावं. चालू करून तीन-चार मिनिटं गरम होऊ द्यावी, बंद करून पूर्ण थंड, असं तीनदा. मग ब्लॉकचे आणि हेडचे नट परत तपासावे.

घाट उतरताना काळजी वेगळी. चाळीसगावकडे कन्नडचा घाट उतरताना किंवा तोरणमाळवरून खाली येताना एक्सलेटर बंद आणि गाडी गिअरमध्ये असली की इंजिन जोरात फिरतं, पण मिश्रणावर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल फारसं येत नाही म्हणून ऑईलही येत नाही. नवीन बिग एंडला हे सगळ्यात वाईट. क्लच दाबून मध्येमध्ये एक्सलेटरचा झटका द्यावा.

जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जायचं ते ठरवणाऱ्या जेटची निवड, ऋतूप्रमाणे बघावं लागतं. मेच्या गरम, विरळ हवेत नीट बसवलेला मेन जेट डिसेंबरच्या पहाटे, जेव्हा धुळ्यात पारा १० च्या खाली जातो, पातळ पडतो, कारण थंड हवेत प्राणवायू जास्त असतो. थंडीत एक नंबर मोठा जेट घालून प्लगचा रंग बघावा. तांबूस तपकिरी हवा. फोमचा फिल्टर धुळीतल्या प्रत्येक फेरीनंतर धुवून, वाळवून, फिल्टर ऑईल चोळून पिळावा, आणि एअर बॉक्सच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढावी. गिअर ऑईल पहिल्या १०० किलोमीटरला काढून स्वच्छ कपड्यातून गाळावं. बारीक चकाकणारी कणी पहिल्यांदा येतेच; हाताला टोचणारे तुकडे किंवा सुईचा तुकडा आला तर गाडी तिथेच उभी करावी.